हातांवर बसणाऱ्या बाई

कोणाच्याही घरात गेल्या की बाई आधी भिंत शोधायच्या. पुढे केलेली खुर्ची त्या घ्यायच्या नाहीत. भिंतीला पाठ टेकवून, मुलाच्या समोर जमिनीवर बसायच्या आणि दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली सरकवायच्या. मग तासभर तशाच. डोळे तेवढे हलायचे.

घरातलं कोणी मुलाच्या मदतीला वाकलं की मान न वळवता म्हणायच्या, "हात आवरा."

परळच्या एका रुग्णालयात त्यांनी बरीच वर्षं नोकरी केली होती. माझी ओळख झाली तेव्हा त्या एका संस्थेसाठी घरोघर जात. ज्या मुलाला अपंगत्व आहे, ते मूल रोजची साधी कामं कशी करतं हे पाहून लिहून द्यायचं, हे त्यांचं काम. घास तोंडापर्यंत जातो का. बटण लागतं का. संडासला एकटं जाता येतं का. प्रत्येक कामापुढे तीनच उत्तरं असत: स्वतः करते, मदतीने करते, करत नाही. मुलाला शाळा घेणार की नाही, आईने नोकरी धरायची की सोडायची, हे पुष्कळदा त्या उत्तरांवर ठरायचं.

या विद्येला व्यवसायोपचार म्हणतात. त्यामुळे लालबागच्या एका गृहस्थांनी त्यांना दारातच विचारलं होतं, "बाई, पोराला कुठे चिकटवता येईल का? शिपाई असला तरी चालेल." बाई म्हणाल्या, "आधी त्याला स्वतःची चड्डी चढवता येऊ दे. मग शिपाई करू."

सगळे त्यांना बाईच म्हणायचे. कोणी मॅडम म्हटलं तर त्या मागे वळून बघायच्या, दुसरंच कोणी आलं आहे अशा चेहऱ्याने. वय पन्नाशीच्या पुढे, लग्न केलेलं नाही, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत एक शर्ट, घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, एक कुलूप आणि केळं. एवढ्या सामानावर त्या मुलाचा अख्खा दिवस तपासायच्या.

मी एका मराठी दैनिकात नायगाव-परळ भागाच्या बातम्या देतो. चाळी रिकाम्या होण्याच्या बातमीसाठी फिरत असताना त्या भेटल्या. त्यांच्यावर लिहायचं म्हणालो तर म्हणाल्या, "लिहिण्यासारखं काही नाही. बघण्यासारखं आहे. यायचं तर या, पण हातांवर बसावं लागेल." पुढची दोनेक वर्षं मी अधूनमधून त्यांच्याबरोबर गेलो. तुम्ही कधी अर्धा तास एखाद्या मुलाला एक बटण लावताना पाहिलं असेल, तर हातांवर का बसायचं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

लोकांचा एक गैरसमज त्यांना नेहमी आडवा यायचा. बाई येणार म्हटलं की घरचे सगळं उरकून ठेवत. मूल न्हालेलं, जेवलेलं, पावडर लावलेलं. बाई उंबऱ्यातच थांबायच्या. "अंघोळ झाली? जेवण झालं? कपडे पण घातले? मग मी काय बघू, भांग?" आईचा चेहरा पडायचा. तिला वाटत असायचं, पाहुणी येणार, मूल नीट दिसलं पाहिजे. बाई दुसऱ्या दिवशी न सांगता हजर व्हायच्या.

लालबागला एका मालवणी घरात पाच वर्षांचा मुलगा बांगड्याचं जेवण जेवत होता. त्याचे हात थरथरायचे. बाईंनी त्याला अख्खा मासा वाढायला लावला. आजी कासावीस झाली. "गो बाय, काटो गळ्यात अडाकलो तर?"

"अडकला तर काढू."

"आणि नाय निघालो तर?"

"आजी, हात आवरा."

आजीने हात आवरले. मुलाच्या बापानेही. थोड्या वेळाने घरातली सगळी माणसं पलंगावर ओळीने हातांवर बसली होती, वर्गाबाहेर काढलेल्या मुलांसारखी. मुलाने काटा जिभेने शोधला, दोन बोटांत धरला, ताटाच्या कडेला ठेवला. आजीने पदर तोंडाला लावला. बाईंनी लिहिलं आणि उठताना हात झटकले. त्यांच्या तळहातांवर चटईची नक्षी उमटली होती.

त्या निष्ठुर आहेत असं बऱ्याच घरांत म्हणत. "स्वतःचं असतं म्हणजे कळलं असतं," हे मी जिन्यात एकाहून अधिक वेळा ऐकलं. त्यांनीही ऐकलं असणार. एकदा मला एवढंच म्हणाल्या, "आई किती करते ते मला बघायचंच नाही. आई नसेल तेव्हा काय होईल, ते बघायचंय."

मित्रा नावाच्या मुलीकडे आम्ही गेलो ते नायगावच्या चाळीत. पूर्ण नाव संघमित्रा. नऊ वर्षांची. जन्माच्या वेळी श्वास उशिरा सुरू झाल्यामुळे दोन्ही पाय ताठ आणि उजवा हात मुठीत वळलेला. बोलणं मात्र दांडपट्ट्यासारखं. वडील वारले होते. आई सुजाता हिंदमाताला साड्यांच्या दुकानात दिवसभर उभी. लालबागच्या एका शाळेने मित्राला घ्यायची तयारी दाखवली होती, एकाच अटीवर. शाळेत आया नाही. मुलीला जेवण आणि संडास-बाथरूम स्वतः जमलं पाहिजे, आणि तसं बाईंनी लिहून दिलं पाहिजे.

"जय भीम, बाई. या. मी काही केलेलं नाही हां, तोंडपण धुतलेलं नाही तिचं," सुजाताने दारातच सांगितलं. बाईंची ख्याती पोचली होती.

मित्रा डाव्या हाताने वरणभात जेवली. सांडला, पण जेवली. बाई समोर हातांवर बसलेल्या. खाता खाता ती त्यांच्याकडे बघत होती.

"बाई, तुमचे हात बधिर नाही होत?"

"होतात."

"मुंग्या येतात?"

"येतात."

"मग माझ्यासारखेच की," मित्रा म्हणाली आणि पुढचा घास घेतला. बाई कामाच्या वेळी हसत नसत. त्या दिवशी हसल्या.

त्या चाळींची रचना तुम्हाला माहीत असेल. मधून अरुंद, अंधारा पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्या आणि टोकाला मजल्याचे संडास. बाईंनी मित्राला सांगितलं, "जाऊन ये." सुजाताला खोलीतच बसवलं. मित्रा डावा पंजा भिंतीवर टेकवून निघाली. बाई मागून, दोन्ही हात पाठीशी बांधून. त्यांच्या मागे मी.

दुपारची वेळ, सगळी दारं उघडी. समोरच्या माई उंबऱ्यात बसून लसूण सोलत होत्या. त्या उठल्या, पुढे जाऊन संडासाच्या दाराची वरची कडी काढली आणि परत येऊन लसणाकडे वळल्या. एका दारातून पाण्याचं टमरेल बाहेर आलं आणि टोकाला जाऊन पोचलं. लुंगीतले सावंतकाका ओल्या फरशीवरून पायाने फडकं फिरवत गेले. कोणीतरी वाटेतली सायकल उचलून भिंतीला लावली. यातल्या कोणीही मित्राकडे पाहिलं नाही, तिला हात लावला नाही, बोलणं थांबवलं नाही. मलाही ती पॅसेजमधली रोजची वर्दळच वाटली.

मित्रा आत गेली. आतून आवाज आला, "माई, मी आत आहे!"

"ओ!" माई म्हणाल्या. लसूण चालूच.

ती परत आली तेव्हा बाईंनी तिथेच, भिंतीला कागद लावून लिहिलं: स्वतः करते.

"पास ना बाई?" सुजाताने विचारलं.

"ही परीक्षा नाही गं."

"शाळेत घेतील ना?"

"घेतील."

"मग पासच," सुजाता म्हणाली आणि तोंड फिरवून कपाटातून साखर काढू लागली. बराच वेळ तिला साखर सापडेना.

मित्रा शाळेत जाऊ लागली. शाळेतही भिंत धरून जायचं, दारं बुटकी, आणि शेजारच्या वर्गातल्या शिक्षिकेला तिचा आवाज ऐकू जाई. तिथे काही अडलं नाही. दुपारी व्हॅन तिला चाळीच्या दारात सोडायची, कोणीतरी वर घेऊन यायचं. सुजाता रात्री दुकानातून परतेपर्यंत मित्रा घरी एकटीच असे. पण हे एकटी असणं कसलं, ते आत्ताच तुम्ही पाहिलंत.

मग चाळी रिकाम्या झाल्या आणि नव्या टॉवरच्या किल्ल्या मिळाल्या. घरं सोडतीने दिली गेली. एका पॅसेजमधली माणसं वेगवेगळ्या मजल्यांवर विखुरली. सुजाताला वरचा मजला आला. माई त्याच्याही वर. सावंतकाका दुसऱ्या इमारतीत. बाई मूळच्या त्याच भागातल्या, दोन चाळी पलीकडच्या. त्यांना त्याच टॉवरमध्ये खालचा मजला मिळाला. संडास प्रत्येकाच्या घरात आला. ज्यांनी आयुष्यभर टमरेल घेऊन रांग लावली, त्यांना याचं मोल काय ते वेगळं सांगायला नको. सुजाताने पहिल्या दिवशी तो फिनेलने धुतला आणि दार लावून आत नुसतीच उभी राहिली. तिनेच मला सांगितलं. "स्वतःचा संडास. मित्राला आता चालायला पण नको."

पुढे जे झालं ते बातमी म्हणून चार ओळींत बसलं असतं. त्या उंचीवर वारा फार. मित्रा शाळेतून आली, वॉचमनने तिला लिफ्टने वर आणून घरात सोडलं. ती संडासात गेली. वाऱ्याने दार आपटून बंद झालं. दाराला गोल मूठ होती, ती तिच्या हातात फिरेना. फरशी गुळगुळीत, धरायला काही नाही. ती पडली आणि उठू शकली नाही. तिने माईंना हाका मारल्या. मजल्यावरची सगळी दारं बंद होती. आत एसी चालू होते, टीव्ही चालू होते. सुजाता नेहमीप्रमाणे दुकान बंद झाल्यावर घरी आली.

मार फार नव्हता. लोक म्हणाले, थोडक्यात वाचली पोरगी.

त्यानंतर मित्राने पाणी प्यायचं सोडलं. कोणाला न सांगता. शाळेत नाही, दुपारी घरी नाही. बाटली जशी भरली तशी परत यायची. पाणी प्यायलं नाही की जायला लागत नाही, हे तिचं तिने शोधून काढलं होतं. सुजाताला कळलं तेव्हा ताप चढला होता आणि लघवीत रक्त होतं. दवाखान्यातून थेट रुग्णालयात. शाळेने कळवलं की मुलगी सावरेपर्यंत घरीच राहू दे, नव्या वर्षी पाहू.

बाईंच्या बरोबर मी वॉर्डात गेलो. मित्रा झोपलेली, हाताला सलाईन. सुजाता स्टुलावर. तिने उठून बाईंना स्टूल दिलं नाही.

"तुम्हीच लिहून दिलंत ना, बाई," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "स्वतः करते. मी त्याच्यावर भरोसा ठेवून कामाला गेले."

बाई पलंगाच्या कडेला टेकल्या. हात मांड्यांखाली गेले. त्यांनी विचारलं, "चाळीत कडी कोण काढायचं?"

"कसली कडी?"

"संडासाची. वर होती. हिचा हात पोचत नव्हता."

"माई काढायच्या."

"पाणी?"

"ते काय, कोणीही. ज्याचं भरलेलं असेल तो द्यायचा."

"फरशी?"

"सावंतकाका. त्यांची म्हातारी घसरून पडलेली तिथे, तेव्हापासून त्यांना सवयच."

"आणि हाक मारली की ओ कोण द्यायचं?"

सुजाताने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "बाई, तुम्ही होतात ना मागे? तुमच्या समोरच झालं की सगळं."

"मग तू मला सांगितलं का नाहीस, सुजाता?"

"काय सांगायचं? त्यात मदत कुठे होती?" ती खरोखरच गोंधळली होती. मग म्हणाली, "तुम्हाला तरी कुठे दिसली? तुम्ही पण चाळीतल्याच ना."

यात टोमणा नव्हता. असता तर बाईंना सोपं गेलं असतं.

रुग्णालयाबाहेर चहाच्या टपरीशी बाई थांबल्या. चहा घेतला नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बाहेरची कोणी असती ना, कुलाब्याची, पुण्याची, तिने पहिल्याच फेरीत विचारलं असतं, हा माणूस फरशी का पुसतोय? मला तो माणूस फरशीतलाच वाटला. माझ्या आईला शेवटी शेवटी असंच न्यायचे संडासला. दारादारातून. आम्ही म्हणायचो, आई अजून स्वतःची स्वतः जाते."

त्यानंतर त्या बदलल्या असं मी म्हणणार नाही. हातांवर बसणं तसंच राहिलं. मात्र कोणत्याही घरात गेल्या की आता आधी दाराबाहेर उभ्या राहून विचारायच्या, शेजारी कोण राहतं. आणि मित्राच्या मजल्यावर त्या दारोदार फिरू लागल्या.

रे रोडला लाकडाच्या वखारीत काम करणारा एक बाप त्यांच्या ओळखीचा होता. त्याच्या मुलाला बाईंनी चमचा धरायला शिकवलं होतं. त्याने येऊन मित्राच्या घरात पलंगापासून संडासापर्यंत भिंतीला लाकडी पट्टी ठोकून दिली, गोल मूठ काढून खाली दाबली की उघडणारी दांडी बसवली, दाराखाली अडकवायला पाचर करून दिली. म्हणजे घरातलं घरात भागलं. पण मित्रा त्या दारापाशी जाऊन थांबायची. "कोणाला ऐकू जाणार?" एवढंच म्हणायची. पट्टीला ऐकू येत नव्हतं.

बाईंची मागणी छोटी होती. दुपारचा एक तास, मित्रा शाळेतून यायची त्या वेळी, मजल्यावरच्या लोकांनी आपलं दार उघडं ठेवायचं. तिच्या घरी जायचं नाही, तिला हात लावायचा नाही. ती आतून म्हणेल, मी आत आहे. ऐकू आलं की ओ द्यायची. बस.

मी तीन-चार दारांवर त्यांच्याबरोबर होतो. एसीचं बिल येतं. कबुतरं घुसतात. चोऱ्या किती वाढल्यात. एक तरुण सून म्हणाली, "बाई, आत्ता कुठे दार लावायला मिळालंय हो. चाळीत तीस माणसं येता-जाता माझ्या ताटात बघायची." बाईंनी तिच्याशी वाद घातला नाही. "खरंय," म्हणाल्या. एका निवृत्त गृहस्थांनी खवचटपणे विचारलं, "तुम्ही तर हात आवरा म्हणणाऱ्या ना? आमच्या भाचीच्या घरी आला होतात."

"हो, तीच मी."

"मग आता?"

"आता तेच हात मागायला आलेय. द्या नाहीतर नाही म्हणा, उन्हातून आलेय मी."

त्या गृहस्थांचं दार सगळ्यात आधी उघडलं. मग त्या सुनेचं, जाळीचं दार लावून, आतून पडदा सोडून. मग आणखी एक.

माईंना खाली यायचं होतं, पण त्या लिफ्टला घाबरायच्या. टॉवरमध्ये आल्यापासून एकट्या कधी लिफ्टमध्ये शिरल्या नव्हत्या. बाईंनी त्यांना शिकवलं, मुलांना शिकवतात तसंच. लिफ्टमध्ये जमिनीवर बसल्या, हातांवर. दारं बंद झाली. माई बटणांकडे बघत उभ्या.

"अगं दाब की तू," माई म्हणाल्या.

"मी नाही दाबणार."

"वरती गेलो म्हणजे?"

"जाऊ. गच्ची बघून येऊ."

त्या दोघींना घेऊन लिफ्ट खरंच वर गेली, खाली गेली, परत वर गेली. एका मजल्यावर कुरिअरवाला आत शिरला आणि जमिनीवर बसलेल्या बाईंना पाहून बाहेर पडला. शेवटी माईंनी ओठ घट्ट मिटून बोट टेकवलं. त्या दिवसापासून दुपारी माई खाली येत, मित्राच्या दाराबाहेर लॉबीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसत. मांडीवर लसणाची ताटली.

मित्रा पहिल्यांदा अर्धा पेला पाणी प्यायली तेव्हा मी तिथे नव्हतो. बाईंनी फोन करून सांगितलं. एरवी त्या फोन करत नसत. "आत गेली. हाक मारली. माईंची ओ, पलीकडच्या काकांची ओ, आणि त्या पडद्यामागच्या सुनेची पण ओ आली हो," त्या म्हणाल्या. मग त्यांनी फोन ठेवला.

शाळा म्हणाली, जूनमध्ये आणा. तोपर्यंत असंच चालू राहिलं तर घेऊ. सुजाता पुन्हा दुकानात जाऊ लागली. लग्नसराई होती, मालक आणखी थांबला नसता.

बाईंची तब्येत त्याआधीच उतरू लागली होती. बसल्यावर उठताना त्या भिंत धरू लागल्या होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "मदतीने करते." पोटात गाठ निघाली. रुग्णालयात त्यांना सगळे ओळखत होते, त्याचा उपयोग एवढाच झाला की कोणी त्यांना खोटं सांगितलं नाही. शस्त्रक्रियेनंतर त्यांचा भाऊ त्यांना पनवेलला घेऊन गेला. मी एकदा भेटायला गेलो. भावजय त्यांना चमच्याने पेज भरवत होती. त्या भरवून घेत होत्या. मला वाटलं होतं, त्या तिचा हात बाजूला करतील. त्यांनी तसं काही केलं नाही. पेज संपल्यावर त्यांनी विचारलं, "मजल्यावर दारं उघडी आहेत ना?"

मी म्हणालो, आहेत. त्या दिवशी ते खरं होतं. निदान दोन तरी होती.

मे संपायच्या आत बाई गेल्या. टॉवरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप पडला. त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली, एका मजल्यामागून एक. इतके हात त्या इमारतीत एका जागी मी पहिल्यांदाच पाहिले. एकाने चाळीच्या पॅसेजमधला त्यांचा जुना फोटो टाकला. त्यात त्या भिंतीला टेकून जमिनीवर बसलेल्या होत्या. हात दिसत नव्हते.

काही दिवसांनी, शाळा उघडायच्या बेतात असताना, मी दुपारी त्या मजल्यावर गेलो. लॉबीत माईंची खुर्ची होती, माई नव्हत्या. बाई गेल्यावर माईंना त्यांच्या मुलाने एकटं लिफ्टने फिरायला मनाई केली, हे मला वॉचमनने वर येतानाच सांगितलं होतं. निवृत्त गृहस्थ गावी गेले होते, दाराला कुलूप. सुनेच्या दाराचा पडदा दिसत नव्हता, कारण आता लाकडी दारच बंद होतं. आतून टीव्हीचा आवाज येत होता. कोणी काही वाईट केलं नव्हतं. उन्हाळा होता, आणि सांगायला येणारं कोणी उरलं नव्हतं.

फक्त सुजाताचं दार उघडं होतं. खाली रे रोडच्या माणसाने केलेली पाचर. उंबऱ्यात एका हाताने चौकट धरून मित्रा उभी होती. शेजारी स्टुलावर पाण्याचा भरलेला पेला आणि बाटली. तिने मला पाहिलं नव्हतं. मी लिफ्टच्या बाजूला होतो.

"मी आत जातेय हां!" ती बंद दारांकडे तोंड करून म्हणाली.

टीव्हीवर जाहिरात लागली होती.

"माई! मी आत जातेय!"

"ओ," मी म्हणालो.

ती दचकली. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं. ओळख पटली. पेपरवाले काका. ती माझ्या हातांकडे पाहत होती, आणि माझ्या लक्षात आलं की मी ते पाठीशी बांधले आहेत.

"तुम्ही रोज येणार का?" तिने विचारलं.

तिचा आवाज साधा होता. शाळेच्या व्हॅनची वेळ विचारावी तसा. तिला उत्तर हवं होतं, त्यावर तिला काहीतरी ठरवायचं होतं. मी तोंड उघडलं आणि काय म्हणावं ते शोधू लागलो.

मित्रा थोडा वेळ थांबली. मग तिने चौकट सोडली, भिंतीला पाठ लावली, तोल सांभाळला. वळलेल्या उजव्या मुठीने बाटली पोटाशी दाबून धरली. डाव्या हाताने पेला उचलला आणि एक थेंबही न सांडता सगळं पाणी बाटलीत परत ओतलं. झाकण लावलं. घट्ट आहे का ते पाहिलं.

स्वतः.